हसण्यावारी नेऊ नये अशी हसण्याची गोष्ट

मंडळी, तुमच्या घरात माळ्यावर, फडताळात किंवा कणगीच्या मागे जुन्या अंकांचा एखादा गठ्ठा नक्की असेल. कुणी दिवाळीला शहरातून येताना आणलेले, कुणी एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना घेतलेले, तर कुणी वाचनालयातून आणून परत करायला विसरलेले. मुखपृष्ठ फाटलेले, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. रद्दीवाला दारात आला की घरधनीण पहिल्यांदा तोच गठ्ठा बाहेर काढते. कागदाचे किलोवर चार पैसे येतात, माळाही मोकळा होतो.

यंदा मात्र तो गठ्ठा काट्यावर चढवण्याआधी एक काम करा. सारे घर जेवून निवांत बसले की त्यातले दोन अंक उघडा. कथा, पाककृती, राशिभविष्य सध्या बाजूला राहू द्या. फक्त चित्रे आणि चौकटीतले चुटके पाहा. बघता बघता घरातली लहानथोर माणसे तुमच्या खांद्यावरून डोकावू लागतील, आणि अर्ध्या तासात घरात हशा होईल. असा हशा शेवटचा कधी झाला होता, ते जरा आठवून बघा.

चुटका कसा असे? असा :

गुरुजी : बंड्या, सांग, पाऊस कधी पडतो?
बंड्या : गुरुजी, आमचे आबा म्हणतात, कापूस वेचायला आला की पडतो!

दोनच ओळी, पण त्यात सारा कापूसपट्टा आला. हसतो खरे, पण हसताना कापूस भिजल्याची कळही आठवते. साध्या चुटक्याचे बळ ते हेच. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हे चित्र आले कुठून?

‘कार्टून’ हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे. त्याचे मूळ इटलीत. जाड कागदाला तिकडे जे नाव होते, त्यावरून तो आला. भिंतीवर मोठे चित्र काढण्याआधी चित्रकार जाड कागदावर कच्चा आराखडा काढीत, त्याला कार्टून म्हणत. त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

पुढे लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक निघाले. १८४३ साली तिथे पार्लमेंटच्या नव्या इमारतीत भिंतीवर काढायच्या चित्रांच्या आराखड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वेळी लंडनचे गरीब लोक भाकरीला महाग झाले होते. ‘पंच’चे चित्रकार जॉन लीच यांनी एक चित्र काढले. फाटक्या कपड्यांतली, उपाशी माणसे थोरामोठ्यांच्या झकपक चित्रांसमोर उभी आहेत, एवढेच त्यात होते. ‘पंच’ने त्याला ‘कार्टून’ म्हटले, आणि तेव्हापासून हा शब्द अशा चित्रांना चिकटला. ध्यानात घ्या, या नावाच्या पहिल्याच चित्राने बाजू घेतली ती भुकेल्याची.

नांगराच्या गावचे मासिक

आपल्याकडच्या मासिकांतल्या चित्रांची गोष्ट सांगायची तर शेतीच्या अवजारापासूनच सुरुवात करावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटे, असे सांगतात. पुढे नांगर चालला आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. नावाप्रमाणे आधी ते कारखान्याची खबरबात देणारे होते. पण त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि व्यंगचित्रे काढीत. त्यामुळे पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने घराघरांत गेलेल्या या मासिकात चित्राला आणि विनोदाला मानाचे पान मिळाले. ‘स्त्री’ १९३० साली आले, ‘मनोहर’ १९३४ साली. हरिश्चंद्र लचके यांच्यासारख्या चित्रकारांची हास्यचित्रे वाचकांच्या ओळखीची झाली ती अशा मासिकांतूनच.

दुसरीकडे दिवाळी अंकांची प्रथा रुजत होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो या परंपरेतला पहिला. पुढे फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक हवाच, असे होऊन गेले. १९५१ साली मधुकर पाटकर यांनी खास विनोदाला वाहिलेला ‘आवाज’ काढला. त्यातली खिडकीचित्रे आठवतात ना? पानाला चौकोनी खिडकी कापलेली असते. तिच्यातून जे दिसते त्यावरून आपल्या मनात भलतेच काही येते. पान उलटले की कळते, तिथे अगदी साधी गोष्ट चालली आहे! आपले पाप आपल्याच मनात होते. चावडीवर, पाणवठ्यावर अर्धवट पाहून पुऱ्या गोष्टी रचणाऱ्यांना याहून चांगला धडा कुठला? कुणाच्या लेकीसुनेबद्दल काही कानावर आले, तर आधी पान उलटून पाहावे.

चित्र लहान का, चुटका आखूड का?

याला कारण छापखान्याचे. त्या काळी शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत. चित्रकार पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने रेघा ओढी. त्या चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत. पत्रा आम्लात ठेवला की मोकळा भाग खाल्ला जाई आणि रेघा तेवढ्या उठून राहत. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या शेजारी घट्ट आवळत. त्यालाच ब्लॉक म्हणत. ब्लॉकला पैसे पडत आणि जागाही लागे. म्हणून चित्रकार थोड्या, नेमक्या रेघांत काम उरकी.

चुटक्याचेही तसेच. कथा पानाच्या पाऊणावर संपली की खाली चार बोटे जागा उरे. ती कोरी सोडणे म्हणजे बांधालगतची जमीन पडीक ठेवण्यासारखे. मग संपादक तिथे चार ओळींचा चुटका पेरीत. आपण बांधावर तूर लावतो ना, तसेच ते. आणि कित्येकदा मुख्य पिकापेक्षा बांधावरची तूरच घराला पुरते, तशी कथा विसरली जाई आणि चुटका मात्र गावभर होई.

अक्षर न येणाऱ्यांचे वाचन

मराठी हास्यचित्रांत शि. द. फडणीस यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावचा. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ते चित्रकला शिकले. २०२५ साली त्यांनी वयाची शंभरी गाठली. त्यांच्या कितीतरी चित्रांखाली एक अक्षरही नसते. अनंत अंतरकर यांच्या मासिकांच्या दिवाळी अंकांची त्यांनी काढलेली मुखपृष्ठे जुन्या वाचकांना अजून आठवतात. त्यातले एक तर फारच गाजले. त्यात एक तरुणी आणि एक तरुण दिसतात. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची, आणि कापडावरच्या छापातही जीव आलेला! याला कुणी काय समजावून सांगायचे? मांजर आणि उंदीर ज्याने घरात पाहिले, त्याला सारे कळले.

आता एक आकडा पाहा. १९५१ च्या जनगणनेत भारतात अक्षरओळख असलेली माणसे शंभरात सुमारे १८ होती, आणि बायकांत तर सुमारे ९. म्हणजे त्या काळी दिवाळी अंक खेड्यातल्या घरात आला, तरी आजी, आई, कधी कधी बापसुद्धा त्यातला मजकूर वाचू शकत नसे. पण बिनशब्दांचे चित्र सर्वांचे होते. शाळेत जाणारा नातू आणि अंगठा उठवणारी आजी त्या पानापुरते एका वर्गात बसत. किंबहुना आजीच आधी हसे, कारण जग तिने जास्त पाहिलेले.

याच फडणीसांची चित्रे पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत आली. गणित म्हटले की ज्यांच्या पोटात गोळा येई, अशा पोरांना बेरीज-वजाबाकीच्या पानावर हसू आले. तुमच्यापैकी कितीजण ती पुस्तके शिकून मोठे झाले असतील!

त्यांच्याच पिढीतले वसंत सरवटे हे कोल्हापूरचे, जन्म १९२७ चा. व्यवसायाने ते अभियंता आणि आवडीने चित्रकार. ‘ललित’ मासिकातली त्यांची चित्रे वाचक वर्षानुवर्षे पाहत आले. लक्षात घ्या, कारखान्यातली नोकरी सांभाळून माणूस अशी कला जोपासू शकतो. तुमच्या पोराने वहीच्या मागच्या पानावर गुरुजींचे चित्र काढले, तर लगेच हात उगारू नका. आधी चित्र हुबेहूब आले आहे का, ते पाहा!

आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला ‘सामान्य माणूस’ तर सगळ्यांच्या ओळखीचा. मराठीत ही चौकट ‘कसं बोललात!’ या नावाने येई. गंमत अशी की हा माणूस कधीच बोलत नाही. पुढारी बोलतात, अधिकारी बोलतात, तो नुसता बघतो. कचेरीत साहेबासमोर टोपी हातात धरून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला त्याची ओळख वेगळी सांगावी लागत नाही.

गोव्याचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी आणखी एक वाट दाखवली. तरुणपणी ते रोजनिशी चित्रांतून लिहीत. गावातली लग्ने, भांडणे, बाजार, कुत्री, पाद्री, सारे त्यात येई. पोरांना सुट्टीत हा उद्योग लावून द्या. रोज एक चित्र काढायचे : आज घरात काय गंमत झाली? वही कोरी आणि पेन्सिल एक, एवढ्याच खर्चाचे काम आहे.

हसायचे कुणाला?

आता जरा अवघड जागी येऊ. जुन्या पानांत सगळेच सोने नव्हते. दारामागे लाटणे घेऊन उभी असलेली बायको, जावयाच्या घरी ठाण मांडून बसलेली सासू, दागिन्यांसाठी हट्ट धरणारी बुद्दू तरुणी, असल्या चित्रांनी पानेच्या पाने भरलेली असत. आणि मुंबई पाहायला आलेला धोतर-पागोट्यातला खेडूत तर ठरलेले गिऱ्हाईक! तो रस्ता ओलांडताना गांगरतो, लिफ्टला घाबरतो, हॉटेलात काटा-चमचा उलटा धरतो. चित्र काढणारा शहरातला, विकत घेणारा बहुतेक शहरातला, आणि ज्याच्यावर हसायचे तो आपला बाप. त्याने पिकवलेल्या ज्वारीची भाकरी खाऊन त्यालाच हसायचे, असा तो प्रकार.

मग असली पाने जाळून टाकावीत का? तसे मुळीच नाही. जुने ते जुने म्हणून पाहावे, पोरांना दाखवावे आणि विचारावे, ‘यात हसण्यासारखे काय आहे, आणि खुपण्यासारखे काय?’ पोरे आपल्यापेक्षा नेमके उत्तर देतील.

घरात चुटका सांगताना मात्र एक साधी कसोटी लावा. ज्याच्यावर विनोद आहे, तो माणूस समोर बसला असता तर तुम्ही तो सांगितला असता का? आणि तो हसला असता का? दोन्ही उत्तरे ‘हो’ आली तर खुशाल सांगा. नुकत्याच घरात आलेल्या सुनेच्या माहेरच्या गरिबीवर पाहुण्यांत कोटी करणे हा विनोद नव्हे. त्या वेळी ती हसते, कारण तिला दुसरे काही करण्याची सोय नसते. रात्री तीच उशीत तोंड लपवून रडते. सावळ्या मुलीच्या रंगावर, मूल न झालेल्या बाईवर, तोतऱ्या पोरावर केलेल्या कोट्या अशाच. हसणारे चार असतात, सोसणारा एकटा.

याउलट सासू-सुनेचा हा चुटका पाहा :

सासू : सूनबाई, आज आमटीला मीठच नाही.
सून : आत्याबाई, काल जास्त झालं म्हणालात ना? दोन दिवसांचं मिळून बरोबर बसतंय!

यात सून हरत नाही, सासूचीही अब्रू जात नाही. उलट अशा उत्तरावर सासूला हसू फुटले तर पुढच्या दहा कुरबुरी आपोआप मिटतात. नवरा-बायकोचाही तसाच एक घ्या :

नवरा : खूष ना? सातबाऱ्यावर तुझं नाव लावतो.
बायको : लावा की! पण तिथं सोसायटी आणि बँक आधीच बसल्यात. मला टेकायला जागा उरलीय का बघा.

इथे बायको बावळट नाही. घरातला हिशेब तिला नवऱ्याइतकाच ठाऊक आहे. असा चुटका घरात झाला तर हसून झाल्यावर एकदा खरेच सातबारा काढून पाहावा. कुणाची नावे आहेत, बोजा किती आहे, हे दोघांनाही माहीत असावे.

आपले हसू आणि दुसऱ्याचे

आणखी एक बारीक गोष्ट. हा चुटका ऐका :

बँकेचे साहेब : आबा, हप्त्याची तारीख तुम्ही लिहून दिली होती!
आबा : पावसानंही दिली होती साहेब, सात जून. आधी त्याला नोटीस काढा.

आबांनी हा पारावर सांगितला तर सारा पार हसतो. कारण ज्याचा पाऊस चुकला तोच हसतो आहे. संकटाला तोंड देण्याची ती एक रीत आहे. पण हाच चुटका बँकेच्या साहेबांनी चहा पिताना दुसऱ्या साहेबांना सांगितला, तर त्याची चव बदलते. शब्द तेच, पण सांगणारा बदलला की विनोदाचा काटा होतो. आपल्या दुःखावर आपण हसावे, दुसऱ्याच्या दुःखावर नको. जात्यातल्यांना सुपातल्यांनी हसू नये, ही आपली जुनी शिकवण हेच सांगते.

आणि हसण्याचे आणखी एक काम आहे, ते विसरू नका. प्रत्येक घरात, प्रत्येक पारावर एखादा हसवणारा माणूस असतो. बैलाच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत तोच सगळ्यांना गुंतवतो. असा माणूस एकाएकी गप्प झाला, आठवडाभर त्याने काही गंमत केली नाही, पारावर यायचे टाळू लागला, तर ते मनावर घ्या. पीक गेले असेल, देणे अंगावर आले असेल, घरात काही बिनसले असेल. त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा आणि ‘काय झालं?’ म्हणून विचारा. पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल, दुसऱ्यांदा विचारा. गरज वाटली तर घरच्यांना सांगा, दवाखान्यात घेऊन जा. चुटका न सांगणारा माणूसही काहीतरी सांगत असतो.

गठ्ठ्याचे काय करायचे?

आता पुन्हा त्या माळ्यावरच्या अंकांकडे वळू. जुना स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. ऊन लागले की तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून अंक कडक उन्हात वाळत घालू नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि सावलीत वारा द्या. गंजलेल्या टाचण्या अलगद काढून दोऱ्याने शिवा. तेलकट, ओल्या हाताने पाने उलटू नका. ओल लागलेल्या भिंतीपासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवा. कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला फडक्यात बांधून आत ठेवण्याची रीत घराघरांत आहेच, पण तेवढ्यावर विसंबू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर पेटी उघडून कसर, वाळवी पाहत जा. फार जीर्ण पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चित्रे कापून वहीत चिकटवण्याचा मोह होतो, पण कापलेल्या चित्रामागचा मजकूर कायमचा जातो, हे लक्षात असू द्या.

घरात जागा नसेल तर गावच्या वाचनालयाला विचारा, शाळेत द्या. रद्दीत किलोवर जाण्यापेक्षा पोरांच्या हाती ते बरे.

आणि एक खेळ सुचवतो. रात्रीची जेवणे झाली की एक चित्र घ्या आणि त्याखालची ओळ हाताने झाका. चित्रातली माणसे काय बोलत असतील, ते प्रत्येकाने सांगायचे. आजीने, सुनेने, शाळकरी पोराने, सालगड्यानेसुद्धा. मग हात काढून छापलेली ओळ वाचा. बहुतेक वेळा घरातलीच ओळ सरस ठरेल! मोबाईलवर दिवसाला पन्नास विनोद येतात आणि ज्याचा तो आपापल्या कोपऱ्यात हसतो. या खेळात सगळे एका कंदिलाखाली, म्हणजे आता एका दिव्याखाली येतात.

दिवा असेल तर, हे आलेच! कारण :

पाहुणा : तुमच्याकडं शेतीची वीज कधी येते हो?
शेतकरी : आम्हाला झोप लागली की!

वीज येईल तेव्हा मोटार चालू करायला उठायचे आहेच, मंडळी. तोवर दोन पाने उलटा, चार जणांना जवळ बोलवा आणि हसून घ्या.